विंगेतला आमोद

आमोद वैशंपायनने गेल्या दोन वर्षांत जेवढ्या नोकऱ्या मिळवल्या, तेवढ्या वारज्यातल्या त्याच्या अख्ख्या सोसायटीने मिळून मिळवल्या नसतील. त्यांतली एकही त्याची नव्हती, एवढंच.

त्याचा आवाज लहानपणापासूनच ऐकत राहावा असा. खर्जातला, स्वच्छ, शब्द सुटासुटा करणारा. फोन उचलला की पलीकडचा माणूस आपोआप "साहेब" म्हणायचा, आणि तेव्हा आमोद नववीत होता. इंजिनियरिंगला गेल्यावर तो एकांकिकेच्या टीममध्ये शिरला. दिग्दर्शकाने त्याला दोन दिवस स्टेजवर उभं करून पाहिलं आणि सांगून टाकलं, की बाबा रे, आवाज सोन्याचा आहे, पण उभा राहतोस विजेच्या खांबासारखा. मग तो विंगेत गेला, प्रॉम्प्टर म्हणून. सगळ्यांची वाक्यं त्याला पाठ. कोण कुठे अडणार हे अडणाऱ्याच्या आधी त्याला कळायचं, आणि नेमका तेवढाच शब्द तो हळूच पुढे सरकवायचा. टीमला करंडक मिळाला तेव्हा फोटोत तो नव्हता, कारण फोटो तोच काढत होता. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही.

शेवटच्या वर्षाला कॅम्पसमधूनच एका मोठ्या कंपनीने त्याला निवडलं. त्याचे वडील गोपाळकृष्ण, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्यांनाही हा माणूस साखळी लावूनच दार उघडायचा. पण त्या दिवशी त्यांनी बुधवार पेठेत जाऊन दगडूशेठला नमस्कार केला, येताना पेढे आणले आणि सोसायटीच्या चारही मजल्यांवर स्वतः फिरून वाटले. नोकरीचं पत्र हातात आलं म्हणजे नोकरी लागली, असा त्यांच्या पिढीचा हिशोब. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

जॉइनिंग आधी तीन महिने पुढे गेलं, मग सहा महिने. मग एके दिवशी एक गोड भाषेतला ईमेल आला, की बाजाराची परिस्थिती पाहता आम्हाला खेद वाटतो. मंदी तेव्हा नुकती सुरू झाली होती. खराडीत, हिंजवडीत कामावर असलेलीच माणसं घरी पाठवली जात होती. नवख्यांना कोण विचारतो? चार वर्षांचा अनुभव असलेली माणसं नवख्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली. ज्याला त्याला अनुभव हवा होता, आणि तो द्यायला मात्र कोणी तयार नव्हतं. वर्ष गेलं, तशी एक नवीनच अडचण उभी राहिली. आमोदचा अर्ज कुठेही गेला की पहिला प्रश्न यायचा, मधल्या काळात काय केलंत? मधल्या काळात अर्ज केले, हे उत्तर कोणाला चालत नाही.

जिन्यात शेजारी विचारायचे, आमोद कुठे असतो सध्या? गोपाळकृष्ण म्हणायचे, "घरी असतो. का, पेढा परत करायचाय?" पुढे कोणी विचारेनासं झालं, आणि ते विचारण्यापेक्षाही वाईट होतं.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू साईनाथची.

साईनाथ त्याचा कॉलेजातला मित्र, वारजे गावठाणातला. जमीन आजोबांच्या वेळीच बिल्डरकडे गेली होती. उरलेल्या तुकड्यावर तीन मजली घर, खाली गाळे, गाळ्यांचं भाडं. खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण ऋतिकाशी त्याचं जमलं होतं, आणि तिच्या घरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की भाड्यावर जगणारा जावई नको, सकाळी गळ्यात ओळखपत्र अडकवून बाहेर पडणारा हवा. साईनाथचे वडील आप्पासाहेब पोराच्या मागे हात धुऊन लागले होते. "जमीन गेली ती गेली," ते म्हणायचे, "पर पोरगं घरात बसून हाय, हे चारचौघांत मला सांगवत न्हाई."

साईनाथ मठ्ठ नव्हता. पण समोर कोणी प्रश्न विचारला की त्याची दातखीळ बसायची. चार इंटरव्ह्यू त्याने असेच घालवले. पाचवा खराडीतल्या एका कंपनीचा आला, बसच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या. तो घरूनच, लॅपटॉपवर द्यायचा होता. साईनाथने आमोदला शेजारी बसायला बोलावलं. अडलोच तर एखादा शब्द टाक म्हणाला. आमोदला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. आयुष्यभर त्याने दुसरं केलं काय होतं?

तो लॅपटॉपच्या मागे, टेबलाला टेकून फरशीवर बसला. खाली मथुराबाईंना, साईनाथच्या आईला, मिक्सर लावू नका म्हणून बजावलं होतं. पलीकडे अस्मिता नावाच्या बाई होत्या, टीमच्या प्रमुख. पहिलाच प्रश्न आला आणि साईनाथची दातखीळ बसली. आमोदने खालून पहिले चार शब्द पुटपुटले. साईनाथ गप्पच. आमोदने अख्खं वाक्य टाकलं. आणि पलीकडून बाई म्हणाल्या, "हां, आता आवाज छान येतोय. असंच बोला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थांबायचं असतं तर ते तेव्हाच. पण विंगेतल्या माणसाला नाटक बंद पाडायची सवय नसते. आमोद बोलत राहिला आणि साईनाथ ओठ हलवत राहिला. त्याचे ओठ जुळावेत म्हणून आमोद प्रत्येक उत्तराआधी प्रश्न सावकाश पुन्हा म्हणायचा, मग अर्धा क्षण थांबायचा, मग उत्तर. शेवटी बाईंनी विचारलं, बसमध्ये एकच जागा उरली आहे आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर तुमचं सॉफ्टवेअर जागा कोणाला देईल? आमोदने ते इतकं सुरेख समजावलं, की बाई स्वतःशीच हसल्या. साईनाथला नोकरी लागली.

गोष्ट तिथे संपली असती तर हा प्रसंग पुढे हसून सांगता आला असता. पण साईनाथच्या चुलत भावाचा इंटरव्ह्यू होता. मग त्याच्या मित्राचा. मग अनोळखी लोकांचे फोन यायला लागले. आमोदने घरी सांगितलं की ऑनलाइन क्लास घेतो. आई, श्यामलाताई, सुटकेचा श्वास टाकून देवापुढे साखर ठेवून आली. आमोदच्या हाती चार पैसे यायला लागले, आणि त्याहून मोठं म्हणजे, कोणीतरी त्याला प्रश्न विचारायला लागलं. महिनोन् महिने ज्याला कोणी काही विचारत नाही, त्याला प्रश्नाची भूक काय असते ते कळतं. स्वतःच्या नावाने केलेल्या अर्जाला साधी पोचही यायची नाही, आणि दुसऱ्याच्या नावाने तो दर दोन महिन्यांनी कुठेतरी पास व्हायचा.

त्याने यात एक शिस्तही बसवली होती. उमेदवाराने हातात चहाचा मग धरायचा, तोंडाच्या जवळ. प्रश्न आला की मान हलवायची, आमोद प्रश्न परत म्हणेल तोवर ओठ तयार ठेवायचे. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली की घरीही सुटेना. बाबांनी विचारलं, दूध आणलं का, की हा म्हणायचा, "दूध आणलं का, तर..." आणि थांबायचा.

"प्रश्न मीच विचारलाय," गोपाळकृष्ण म्हणायचे, "तो मला पाठ आहे. उत्तर असेल तर दे."

यंदा गणपती झाले आणि साईनाथ एका संध्याकाळी स्वतः आला. त्याच्या टीममध्ये एक जागा निघाली होती आणि त्याने आमोदचं नाव पुढे दिलं होतं. शिफारस आतूनच असल्याने मधल्या वर्षांचं कोणी विचारलं नव्हतं. मंगळवारी बोलावलं होतं, प्रत्यक्ष, खराडीला. हल्ली लॅपटॉपवरच्या इंटरव्ह्यूवर कोणाचा भरवसा राहिला नव्हता. का राहिला नव्हता, हे या दोघांएवढं कोणाला ठाऊक असणार?

आमोदने आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारली. मग त्याने विचारलं, इंटरव्ह्यू कोण घेणार?

"अस्मिता मॅम," साईनाथ म्हणाला.

आवाज ओळखला गेला तर आमोदची ही संधी तर जाणारच, पण साईनाथचीही नोकरी जाणार. ऋतिकाच्या घरच्यांनी तो कायम होईपर्यंत वाट पाहिली होती. लग्न येत्या मार्गशीर्षात होतं, कार्यालयही ठरलं होतं. आमोद म्हणाला, मी येत नाही. साईनाथने मान हलवली. तो जास्त बोलणारा नव्हताच. "तुझ्यामुळं बसलोय मी तिथं," तो म्हणाला. "तू ये. दोन वर्षं झाली, मॅमच्या काय ध्यानात राहणार? अन् वाटलं तर आवाज बदल थोडा."

आमोदने विचार केला तो एवढाच, की पुढल्या वर्षी त्याची बॅच कोणीच घेणार नाही. कंपन्या नवखे म्हणून तीन वर्षांच्या आतले घेतात, त्यापुढचे शिळे. ही जागा गेली की मग क्लासचं खोटं आणि फरशीवरची बैठक, एवढंच उरणार होतं. त्याला जायचंच होतं. साईनाथची नोकरी पणाला लावून जातोय हे कळत असूनही जायचं होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

तीन-चार दिवस तो आरशासमोर दुसऱ्याच आवाजात बोलत होता, थोडा वरचा, नाकातून येणारा. श्यामलाताईंना वाटलं सर्दी झाली. त्यांनी गवती चहाचा काढा करून दिला आणि तो त्याने मुकाट्याने प्यायला.

मंगळवारी खराडीत, सातव्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत, अस्मिता मॅम समोर बसल्या होत्या. चाळिशीच्या, शांत, घाई नसलेल्या. काचेपलीकडे साईनाथ आपल्या टेबलाशी, इकडे पाठ करून बसला होता, पण त्याचे खांदे कानांपर्यंत वर आलेले आमोदला दिसत होते. आमोदने त्या नाकातल्या आवाजात, घसा बसलाय म्हणून आधी माफी मागून, इंग्रजीत सुरुवात केली.

पहिलं उत्तर पडलं. दुसरंही पडलं. त्याला सगळं येत होतं, पण आवाज सांभाळायला गेलं की मुद्दा निसटायचा आणि मुद्दा धरायला गेलं की आवाज जागेवर यायचा. मॅमनी तोच प्रश्न विचारला, बसमधल्या शेवटच्या जागेचा. तो बहुधा त्यांचा नेहमीचाच होता. आमोद चाचरला, दोन तुटक वाक्यं बोलला आणि थांबला.

"ठीक आहे," त्या लॅपटॉप मिटत म्हणाल्या. "कळवू आम्ही."

या 'कळवू'चा अर्थ आमोदला पाठ होता. गप्प बसलो तर साईनाथ वाचतो आणि मी घरी जातो, हे त्याला लख्ख दिसत होतं. साईनाथचे वर आलेले खांदेही दिसत होते. तरी त्याला राहवलं नाही.

"एक मिनिट, मॅम," तो म्हणाला, आणि तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. "जागा एकच आहे आणि दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं, तर जागा कोणाला..." मग सवयीने तो अर्धा क्षण थांबला. समोर पाण्याचा ग्लास होता, तो त्याने उचलून तोंडाजवळ धरला होता. मग उत्तर सुरू झालं. ज्याची मागणी आधी पोचते त्याच्यासाठी ती जागा कुलूपबंद करायची, दुसऱ्याला थांबवायचं, पहिल्याचा व्यवहार पुरा झाला की दुसऱ्याला नम्रपणे नाही सांगायचं. तीन वर्षांत स्वतःच्या नावावर दिलेलं हे त्याचं पहिलं चांगलं उत्तर होतं, आणि ते देताना त्याला फार बरं वाटलं.

उत्तर संपल्यावर अस्मिता मॅम इंग्रजी सोडून मराठीत बोलायला लागल्या.

"ग्लास खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "हे उत्तर मी ऐकलंय. दोन वर्षांपूर्वी. तेव्हा तुमचं नाव साईनाथ होतं."

आमोदने ग्लास खाली ठेवला. नाही म्हणावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

"मला तेव्हापासून कळत नव्हतं," त्या म्हणाल्या, "की ज्या मुलाला मी घेतलं तो रोज ऑफिसात येतो, आणि त्याचा आवाज मात्र येत नाही. मी समजले, बुजरा असेल." त्यांनी दार उघडून साईनाथला हाक मारली.

साईनाथ आत आला. मॅमनी त्याला बसायला सांगितलं नाही. त्यांनी त्याला तोच प्रश्न विचारला. बसमध्ये एक जागा, दोन माणसं, एकच क्षण.

साईनाथने आमोदकडे पाहिलं. अडलेला नट विंगेकडे बघतो तसं. ती नजर आमोदला कुठेही ओळखू आली असती, आणि त्याच्या जिभेवर पहिला शब्द आपोआप आलाही. त्याने दात घट्ट आवळले.

मग साईनाथ बोलायला लागला. अडखळत, अर्धं इंग्रजी, अर्धं गावठाणातलं. पहिल्याच्या नावाने जागा कुलूपबंद करायची, वगैरे. आमोद मनातल्या मनात वाक्य पुढे ढकलत होता. पण साईनाथ तिथे थांबला नाही.

"पण मॅम, कुलूप नुसतं लावून भागत न्हाई," तो म्हणाला. "गेल्या दिवाळीला आपल्याकडं काय झालं, पहिल्याचं नेट गेलं अन् कुलूप तसंच राहिलं. गाडी सुटली तरी जागा रिकामी, अन् मिळाली कुणालाच न्हाई. माणसं स्टँडवर भांडत होती. मी तिथं फोनवर होतो. तवापासनं मी कुलपाला वेळ लावलाय. तेवढ्यात पैसे आले न्हाईत, तर आपोआप सुटतं."

आमोदने ऐकलं. हे त्याला सुचलं नव्हतं. त्याने एखाद्या पुस्तकात ते वाचलंही असेल, पण स्टँडवर भांडणारी माणसं त्याने कधी ऐकली नव्हती. ज्याला त्याने दारातून आत ढकललं होतं, तो आत गेल्यावर शिकला होता, आणि आमोद दाराशी उभा राहून तीच जुनी उत्तरं दुसऱ्यांच्या तोंडी घालत राहिला होता. त्याला साईनाथचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्याचा हेवाही वाटला.

मॅम साईनाथला म्हणाल्या, "जा, जागेवर बस. तुझं काम तुझं आहे, ते मी रोज बघते. बाकीचं मला विसरता येईल की नाही, ते मी ठरवीन." तो गेल्यावर त्या आमोदकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच आमोदला जास्त भीती वाटली.

"तुम्हाला मी इथे घेऊ शकत नाही. साईनाथच्या त्या इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग आणखी दोघांनी ऐकलंय. तुम्ही एका मीटिंगमध्ये तोंड उघडलंत की साईनाथ जाईल आणि त्याच्यामागून तुम्ही." मग त्यांनी विचारलं, "आणखी कुठे कुठे बोललाय तुम्ही?"

आमोदच्या डोळ्यांसमोर खराडी, हिंजवडी, मगरपट्टा, बाणेर असं सगळं शहर आलं. जिथे जिथे अर्ज करण्यासारखं होतं, तिथे तिथे त्याचा आवाज आधीच कामावर रुजू झाला होता, दुसऱ्याच्या नावाने.

खाली गेटपाशी साईनाथ धावत आला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि नेहमीसारखी त्याची दातखीळ बसली होती. आमोद म्हणाला, उत्तर बरोबर दिलंस. मग बस आली आणि तो चढला.

घरी पोचला तेव्हा गोपाळकृष्ण टीव्हीवर बातम्या बघत होते. आतून चहाचा वास येत होता. त्यांनी मान न वळवता विचारलं, कसा झाला?

"कसा झाला, तर..." आमोद म्हणाला, आणि थांबला.

या वेळी टोमणा आला नाही. गोपाळकृष्णांनी त्याच्याकडे पाहिलं आणि टीव्ही बंद केला. श्यामलाताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. पुढे ओठ हलवायला कोणी नव्हतं. आमोदने दारातच, बूटही न काढता, सगळं सांगितलं. क्लास नव्हते हे सांगितलं. लॅपटॉपच्या मागे फरशीवर बसून काय करत होता, ते सांगितलं. आज काय झालं, तेही.

गोपाळकृष्णांनी विचारलं, "किती जणांना लागली?"

"अकरा."

"अकराही वेळा पास?"

"हो."

त्यांनी बंद टीव्हीकडे पाहिलं. "अकरा वेळा पास झालास," ते म्हणाले, "आणि मला एकदाही पेढे आणता आले नाहीत."

ते टोमणा मारत नव्हते. आमोदने त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तो तिथेच उंबरठ्याशी खाली बसला आणि रडायला लागला. आतमध्ये चहा उतू गेला, तरी श्यामलाताई दारातून हलल्या नाहीत.